हाताचा आडोसा

आत्याचा फोन आला तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. आवाजात भीतीपेक्षा गोंधळच जास्त होता. "अगं, कार्ड तर माझ्या पर्समध्येच आहे," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "आत्ता उघडून पाहिलं. इथेच आहे. मग पैसे कुणी काढले?"

रात्रीतून तिच्या मोबाइलवर बँकेचे दोन मेसेज आले होते. पहिला ११ वाजून ५२ मिनिटांनी, दुसरा १२ वाजून ६ मिनिटांनी. दोन्ही वेळा एटीएममधून रोख काढलेली, दोन्ही वेळा तेवढीच रक्कम. आत्या दहाला झोपते आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावते. सकाळी उठून चष्मा लावेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

मी पोचले तोवर तिनं हेल्पलाइनला फोन लावून कार्ड ब्लॉक करून घेतलं होतं. तक्रारीचा क्रमांक एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला होता, खाली वेळ टाकली होती. उभा जन्म तिनं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवला, त्यामुळे कागदाची सवय हाडात भिनलेली. दुपारी आम्ही शाखेत गेलो. समोरच्या तरुणानं फॉर्म पुढे सरकवला आणि ठरावीक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पिन कुणाला सांगितला होता का? कुठे लिहून ठेवला होता का? घरात आणखी कोण कोण असतं? त्याचा स्वर उद्धट नव्हता, पण प्रत्येक 'नाही'बरोबर आत्याचा आवाज खाली खाली जात होता. बाहेर पायऱ्यांवर ती थांबली आणि म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार गं."

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहिते आहे. तिच्या हातून काय झालं होतं आणि काय झालंच नव्हतं, हे शोधत मी पुढचे कितीतरी दिवस वाचत राहिले, माहीतगारांना विचारत राहिले. तिला एकदा नीट समजावून सांगायचं होतं. त्यात माझंही बरंच शिक्षण झालं.

चोरी म्हटलं की एक वस्तू इथून उचलली जाते आणि तिकडे पोचते, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पाकीट मारलं की खिसा हलका लागतो. स्किमिंगमध्ये काहीच जागचं हलत नाही. दुधावरची साय काढून घ्यावी आणि पातेलं होतं तसं झाकून ठेवावं, तसा हा प्रकार. स्किम या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही तोच. पातेलं जागेवर दिसतं म्हणून आपण झाकण उघडून बघत नाही. कार्डावरची माहिती कुणीतरी वाचून घेतं, कार्ड आपल्या हातात परत येतं, आणि आठवड्यानं, कधी महिन्यानं, त्याच माहितीचं दुसरं कार्ड भलत्याच गावातल्या यंत्रात सरकवलं जातं. "कार्ड तर माझ्यापाशीच आहे" हे आत्याचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि घडलेल्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता.

कार्ड उलटं केलं की वरच्या बाजूला काळी किंवा तपकिरी पट्टी दिसते. जुन्या कॅसेटमधल्या फितीच्याच जातीची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधला फॉरेस्ट पॅरी हा इंजिनिअर चुंबकीय फितीचा तुकडा प्लास्टिकच्या ओळखपत्रावर बसवायची खटपट करत होता. गोंद लावला की फीत सुरकुतायची, नाहीतर तिच्यावरची नोंद बिघडायची. तो वैतागून घरी आला तेव्हा त्याची बायको डोरोथिया कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्रीनंच फीत बसवून बघायला सुचवलं, आणि ती बसली. ही हकीकत आयबीएमच्या इतिहासात आवर्जून सांगतात. मला ती फार आवडते. जगभरातल्या अब्जावधी कार्डांच्या पाठीवर त्या घरातल्या इस्त्रीची ऊब आहे, असं काहीसं वाटतं.

त्या पट्टीवर एकाखाली एक तीन ओळी असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. पैशांच्या कामाला त्यातल्या पहिल्या दोनच येतात. पहिल्या ट्रॅकवर जास्तीत जास्त ७९ अक्षरं मावतात, दुसऱ्यावर फक्त ४०. कार्डाचा क्रमांक, मुदत कधी संपते ते, तीन आकडी सर्व्हिस कोड आणि पडताळणीचे काही आकडे. नाव तेवढं पहिल्या ट्रॅकवर असतं. बस, एवढंच. आणि हे सगळं उघड्यावर. पट्टीला भलाबुरा कळत नाही. बँकेच्या यंत्रानं विचारलं तरी ती तीच चाळीस अक्षरं सांगते, चोराच्या यंत्रानं विचारलं तरी तीच. काल जे सांगितलं तेच आज, तेच उद्या. ज्या काळात ही पट्टी आली त्या काळात ती वाचणारं यंत्र कपाटाएवढ्या जडशीळ संगणकाला जोडलेलं असे. तो वाचक, म्हणजे ते वाचणारं यंत्र, एक दिवस काडेपेटीपेक्षा लहान होईल आणि कुणाच्याही मुठीत मावेल, हे तेव्हा कुणी गृहीत धरलं असेल असं वाटत नाही.

तो किती लहान होतो हे मी स्वतः पाहिलं. एटीएमच्या देखभालीचं काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्याकडचा एक नमुना दाखवला. राखाडी प्लास्टिकचं एक तोंड. यंत्रात कार्ड सरकवतो त्या खाचेभोवती असतं तसंच, त्याच रंगाचं, कडा तशाच गोलसर केलेल्या. मी ते हातात घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला एक हिरवट पातळ सर्किट, जुन्या मोबाइलमधली असावी अशी चपटी बॅटरी, आणि खाचेच्या काठाशी करंगळीच्या नखापेक्षा लहान धातूचा ठिपका. तोच पट्टी वाचणारा हेड. कडेनं दुहेरी चिकटपट्टीचे अवशेष, त्यांना धूळ चिकटलेली. मी सोबत नेलेलं माझं रद्द झालेलं कार्ड त्यातून सरकवून पाहिलं. अडखळलं नाही, खरखर नाही, काही म्हणजे काही जाणवलं नाही. "हे खऱ्या तोंडावर बसवायला अर्धं मिनिट लागतं," ते म्हणाले. "आणि हे जुनं झालं. आता असे येतात की खाचेच्या आत जाऊन बसतात. बाहेरून दिसतच नाहीत."

त्यांच्या या बोलण्यानं मी बराच वेळ विचारात पडले. कारण सावधगिरीचा जो सल्ला सगळीकडे दिला जातो तो असा, की कार्ड घालण्याआधी खाचेचं तोंड हलवून बघा, कीपॅड दाबून बघा, शेजारचं यंत्र असेल तर दोन्हींची तुलना करा. हे करावंच. मी करते. बाहेरून चिकटवलेली वस्तू हाताला हलते, कीपॅडवर दुसरा कीपॅड बसवला असेल तर तो जाड लागतो, बटणं नेहमीपेक्षा वर आलेली वाटतात, कुठे रंगात फरक असतो, कुठे गोंदाची रेघ. पण हलवून बघितलं आणि काही हाललं नाही, म्हणून यंत्र निर्धोक आहे असं समजण्यात अर्थ नाही. पातळ पत्र्याएवढी वस्तू खाचेच्या पोटात जाऊन बसली असेल, तर तुमच्या-माझ्या डोळ्यांना ती दिसण्याची शक्यता जवळपास शून्य. आत्याला दिसली नसेल तर त्यात तिच्या नजरेचा दोष नव्हता.

मात्र याच ठिकाणी एक मोठा दिलासा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पिन त्या पट्टीवर नसतो. सगळी पट्टी अक्षरन् अक्षर वाचून नेली, तरी एटीएममधून रोख काढायला चोराच्या हातात अर्धंच काम आलेलं असतं. उरलेलं अर्धं, ते चार आकडे, त्याला दुसरीकडून मिळवावे लागतात. आणि ते आकडे कार्डातून निघत नाहीत, आपल्या बोटांतून निघतात.

म्हणून स्किमर लावणारे सहसा नुसता स्किमर लावून थांबत नाहीत, सोबत कॅमेरा लावतात. टाचणीच्या टोकाएवढं भोक पुरतं. कीपॅडच्या वर यंत्राच्याच रंगाची एक अरुंद पट्टी चिकटवलेली असते, किंवा माहितीपत्रकं ठेवायचा खोका बाजूला लावलेला असतो, किंवा दिव्याच्या कडेला काहीतरी. कार्डाची नोंद आणि चित्रीकरण, दोन्हींच्या वेळा जुळवल्या की कुठल्या कार्डाचा कुठला पिन ते कळतं. कधी कॅमेऱ्याऐवजी खोटा कीपॅड बसवलेला असतो. आपण दाबतो त्या खोट्या बटणाखाली खरं बटणही दाबलं जातं, पैसे बिनबोभाट मिळतात, आणि आकडे मधल्यामध्ये नोंदले जातात. खोटा कीपॅड तयार करणं आणि बसवणं जास्त खर्चाचं, जास्त जोखमीचं. कॅमेरा सोपा. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कॅमेराच असतो, आणि कॅमेऱ्यावरचा उपाय कुणालाही फुकट उपलब्ध आहे. दुसरा हात.

आकडे चारच का, याचीही गोष्ट आहे. पहिलं एटीएम २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेला एन्फिल्डमध्ये सुरू झालं. ते उभं करणारा जॉन शेफर्ड-बॅरन आधी सहा आकड्यांचा विचार करत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यानं बायकोला, कॅरोलाइनला, विचारलं. ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. म्हणून चार. त्यानं स्वतःच ही आठवण पुढे सांगितली आहे. चार आकड्यांच्या जोड्या १०,००० होतात. पिन तीनदा चुकला की यंत्र कार्ड अडवत असेल, तर अंदाजानं तो सापडणं कठीण. पण पाहिला गेला तर चार काय नि सहा काय. पिनची सगळी ताकद तो झाकलेला असण्यात आहे.

आत्याला मी विचारलं, "तू आकडे दाबताना हात झाकतेस?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मागे कुणी उभं असलं की कसंतरीच वाटतं गं. त्या माणसाला वाटेल, मी त्याला चोर समजते."

हे ऐकून मला भरून आलं. आणि मग मला स्वतःचंही आठवलं. कितीतरी वेळा मागे ओळखीचं माणूस असताना मी मुद्दाम हात बाजूला ठेवलेला आहे, त्याच्यावर विश्वास आहे हे दाखवायला. आपल्यावर जे संस्कार झाले त्यात दुसऱ्याच्या देखत काही लपवणं हे मनाचा कोतेपणा समजलं जातं. पण यंत्रासमोर हाताचा आडोसा धरायचा तो मागच्या माणसासाठी नसतोच मुळी. मागचा माणूस फार तर तुमचा खांदा बघतो. आडोसा असतो तो डोक्यावरच्या त्या भोकासाठी, आणि ते भोक तिथे आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून यंत्र कुठलंही असो, मागे कुणीही असो, गल्ला ओळखीच्या माणसाचा असो की परक्याचा, हात झाकायचाच. त्यात अपवाद नाही ठेवला की कुणाचा अपमान होण्याचा प्रश्नही उरत नाही. देवळात शिरताना चपला काढतो तसं. कुणाकडे बघून आपण ते ठरवत नाही.

झाकायचा कसा, तेही सांगते, कारण अर्धवट झाकलेला हात न झाकल्यासारखाच. डावा तळवा उताणा नाही, पालथा, कीपॅडच्या वर छपरासारखा धरायचा आणि बोटं यंत्राला टेकवायची. वरून आणि समोरून, दोन्ही बाजूंनी झाकलं गेलं पाहिजे. पैसे देण्याचं छोटं मशीन हातात असेल तर ते अंगाजवळ घ्यायचं. आणखी एक बारकावा. २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की बटणं दाबून माणूस निघून गेल्यावरही बोटांची ऊब प्लास्टिकच्या बटणांवर काही काळ राहते आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ती दिसते. धातूच्या बटणांवर ती टिकत नाही. असा कॅमेरा घेऊन चोर सर्रास फिरतात असं मला म्हणायचं नाही, पण उपाय इतका सोपा आहे की करायला हरकत नाही. पिन टाकून झाल्यावर हात उचलण्याआधी बाकीच्या बटणांवरही बोटं क्षणभर टेकवायची. न दाबता, नुसती टेकवायची.

इथपर्यंत आल्यावर आत्यानं हिशेबनीसाच्या स्वभावानं बोट ठेवलं. "पण माझ्या कार्डाला चिप आहे. चिपचं कार्ड सुरक्षित असतं असंच सगळे सांगतात."

सांगतात ते खरंच आहे. फ्रान्समध्ये रोलां मोरेनोनं १९७४ साली अशा कार्डाचं पेटंट घेतलं, १९९२पर्यंत तिथल्या सगळ्या बँक कार्डांवर चिप आली होती, आणि युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी मिळून जगभर चालेल असं तंत्र १९९०च्या दशकात ठरवलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ईएमव्ही म्हणतात. चिप म्हणजे एक छोटासा संगणकच. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि ती किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही. यंत्र तिला एक आकडा देतं. तो दर वेळी नवा असतो, आधी कुणाला ठाऊक नसतो. चिप आपल्या किल्लीनं त्यावर त्या एका व्यवहारापुरतं उत्तर तयार करते, सोबत व्यवहारांची मोजदादही पुढे सरकवते. मधेच कुणी ते उत्तर ऐकलं तरी दुसऱ्या वेळी ते उपयोगाचं नाही. पट्टी पाठ केलेलं म्हणून दाखवते, चिप समोर ठेवलेलं गणित तिथल्या तिथे सोडवून दाखवते.

मग आत्याचे पैसे गेले कसे? गेले ते पट्टीवाटे. चिप आली, पण पट्टी निघाली नाही. ज्या एटीएममध्ये कार्ड पूर्ण आत जातं, तिथे व्यवहार चिपनं झाला तरी पाठीवरची पट्टी त्या खाचेतून, म्हणजे स्किमरच्या हेडवरून, जातेच. आपण चिप वापरतो म्हणून पट्टी झाकली जात नाही. खरं तर पट्टीवरचा सर्व्हिस कोड २ किंवा ६ या आकड्यानं सुरू होत असेल, तर 'या कार्डाला चिप आहे, तीच वाच' असा निरोप यंत्राला मिळतो. पण जिथे अजून पट्टीवर काम चालतं, किंवा चिप वाचता आली नाही की यंत्र मुकाट्यानं पट्टीकडे वळतं, तिथे नक्कल चालून जाते. म्हणून तर नक्कल बहुतेकदा मूळ कार्डापासून लांब, कधी परदेशात, वापरली जाते. चोर बंद दार फोडत बसत नाही, उघडं दार शोधत जातो.

चिप वाचणाऱ्या खाचेत कागदासारखा पातळ शिमर बसवून चिप आणि यंत्र यांच्यातलं बोलणं ऐकणारेही आहेत. त्यातून कार्डाचा क्रमांक आणि मुदत मिळते, पण चिपमधला पडताळणीचा आकडा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. त्यावरून पट्टीची नक्कल बनवली, तर डोळे उघडे ठेवणाऱ्या बँकेला ती तिथेच सापडते. ही सोय करून ठेवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण तपासणी करायची की नाही हे बँकेच्या हातात असतं, आणि ती प्रत्येक ठिकाणी होईलच असं धरून चालता येत नाही.

पट्टीचे दिवस मात्र भरत आले आहेत. मास्टरकार्डनं २०२१ साली जाहीर केलं की २०२४पासून युरोपसारख्या भागांत बँकांना कार्डावर पट्टी ठेवायचं बंधन राहणार नाही, २०२९पासून नव्या कार्डांवर ती येणार नाही आणि २०३३पर्यंत त्यांच्या कुठल्याच क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर उरणार नाही. तोपर्यंत ज्याच्या बँकेच्या ॲपमध्ये पट्टीचा व्यवहार, परदेशातला व्यवहार, ऑनलाइन व्यवहार असे वेगवेगळे बंद करायची सोय आहे, त्यानं आजच बसून नको ते बंद करावेत. पाच मिनिटांचं काम आहे. प्रवासाला निघताना हवं ते चालू करता येतं.

टॅप करून पैसे देण्याची बऱ्याच जणांना धास्ती वाटते. गर्दीत कुणी खिशाजवळ मशीन आणून पैसे ओढून घेईल अशी. मला ही भीती उलट्या जागी लागलेली वाटते. टॅप काही सेंटीमीटरवरच चालतं, व्यवहार चिपच करते, उत्तर एकदाच वापरता येतं, आणि कार्ड कुठल्या खाचेत शिरतच नाही म्हणून पट्टी कुणाच्या हेडवरून जात नाही. फोननं टॅप केलं तर आणखी चांगलं, कारण तिथे कार्डाचा खरा क्रमांक दुकानापर्यंत पोचतच नाही, त्याच्या जागी दुसरा, त्या फोनपुरता बांधलेला क्रमांक जातो. स्वाइप आणि टॅप दोन्ही शक्य असतील तिथे मी डोळे मिटून टॅप करते. आणि कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊन नजरेआड जाऊ देत नाही. मुठीत मावणाऱ्या वाचकातून ते एकदा ओढायला एक सेकंद लागतो. मशीन इकडे आणा म्हणावं, नाहीतर आपण उठून जावं.

घरी बसून कार्डाचे आकडे टाकतानाही हीच चोरी होऊ शकते, आणि तिथे हलवून बघायला खाचही नसते. २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवर चोरांनी अवघ्या २२ ओळींचा कोड घुसवला. लोक तिकिटाचे पैसे भरत होते, तिकिटं मिळतही होती, आणि त्याच क्षणी कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे चोरांच्या पत्त्यावर जात होते. चार लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती या हल्ल्यात सापडली, आणि तिथल्या माहिती आयुक्तांनी २०२० साली कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला. वेबसाइट खरी होती, पत्त्यापुढचं कुलपाचं चिन्हही खरं होतं. अशा ठिकाणी ग्राहकानं काय ओळखायचं? म्हणून मी कार्ड साइटवर साठवून ठेवत नाही, बँकेनं दिलेलं तात्पुरतं, ठरावीक मर्यादेचं व्हर्च्युअल कार्ड वापरते, आणि ते वापरून झालं की बंद करते.

आता त्या दोन वेळांबद्दल. ११:५२ आणि १२:०६. हे कोडं मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. एवढ्या जवळ जवळ दोनदा का काढले असतील? एकदाच का नाही? उत्तर त्या एटीएमवाल्या गृहस्थांनी एका वाक्यात दिलं. रोजची मर्यादा मध्यरात्री नव्यानं सुरू होते. बाराच्या आधी आजची मर्यादा संपवायची, बारानंतर उद्याची. माणूस झोपेत असतो, चौदा मिनिटांत दोन दिवसांचे पैसे काढून होतात. हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. त्या चौदा मिनिटांत कुणीतरी यंत्रासमोर उभा राहून घड्याळाकडे बघत होता, आणि आत्या शांत झोपली होती.

त्या दिवसापासून तिच्या रोजच्या मर्यादेचा आकडा आम्ही खाली आणला. महिन्याला जेवढे लागतात त्या अंदाजानं. कार्ड ज्या खात्याला जोडलेलं आहे त्यात थोडेच पैसे ठेवले, साठवणीचे दुसऱ्या, कार्ड नसलेल्या खात्यात. चोरी थांबवायला हे उपयोगाचं नाही, पण झालीच तर किती जाईल हे आपण ठरवलेलं असतं. रात्री बँकेचा मेसेज आला तर वाजेल अशी सोय तिच्या फोनमध्ये केली, आणि फोन उशाशी आला. हेल्पलाइनचा क्रमांक कार्डाच्या पाठीवर असतो, पण कार्डच हरवलं तर? म्हणून तो एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे. तोही आत्यानंच, सुवाच्य अक्षरात.

हा क्रमांक जपायचं आणखी एक कारण आहे. पैसे गेल्यानंतर चौथ्या दिवशी तिला फोन आला, "बँकेतून बोलतोय, तुमची तक्रार मिटवायची आहे, नव्या कार्डावरचे आकडे सांगा." तिनं विचारलं, तक्रारीचा क्रमांक काय? समोरचा अडखळला. तिनं फोन ठेवला आणि कपाटावरच्या क्रमांकावर स्वतः फोन लावून हा प्रकार कळवला. मला तिचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! पायऱ्यांवर "माझंच चुकलं" म्हणणारी बाई ती हीच.

पैसे परत मिळाले. वेळ लागला, चकरा झाल्या, पण मिळाले. यात तिनं उठल्या उठल्या केलेल्या त्या पहिल्या फोनचा वाटा सगळ्यात मोठा. ग्राहकाचं नुकसान किती आणि बँकेचं किती, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण तक्रार किती लवकर केली याला जवळजवळ सगळीकडे वजन असतं. लाजेनं, "आधी घरात विचारून बघू" म्हणत दोन दिवस घालवणारे लोक मला नंतर बरेच भेटले. कुणी मुलांना सांगायला घाबरलं, कुणी नवऱ्याला. त्यांना सगळ्यांना आत्याचा तो कागद दाखवावासा वाटतो.

गेल्या आठवड्यात तिचं नवं कार्ड चालू करायला आम्ही बँकेच्या आतल्या एटीएमशी गेलो. तिनं कार्ड पाकिटातून काढलं, उलटं केलं आणि पट्टीवरून अंगठा फिरवला. "आहेच की अजून," म्हणाली. मग खाचेचं तोंड दोन बोटांत धरून हलवून पाहिलं, कीपॅडच्या वरची कड नखानं चाचपली, चष्मा पुढे ओढून वर दिव्याकडे नजर टाकली. मी अगदी तिच्या खांद्याशी उभी होते. तिनं डावा हात छपरासारखा धरला, उजवा त्याखाली घातला, आणि मान न वळवता म्हणाली, "तू जरा तिकडे बघ गं."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे बटणांचा आवाज झाला. चार वेळा. मग थोडा वेळ काहीच नाही. ती बाकीच्या बटणांवर बोटं टेकवत असणार.